पांढरा कावळा दिसला. तो अल्बिनोच असेल का?

बहुधा नाही. आधी डोळे बघा, दुर्बिणीतून किंवा फोटो मोठा करून. अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन (काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य) अजिबात नसतं, म्हणून डोळे गुलाबी-लाल, चोच आणि पायही फिके गुलाबी. डोळे काळे असतील तर तो अल्बिनो नाही, मग सगळी पिसं पांढरी का असेनात. अल्बिनोंची नजर अधू असते, उन्हाचा त्रास होतो. त्यामुळे मोठा झालेला अल्बिनो रानात फारच क्वचित दिसतो.

थोडीच पिसं पांढरी असतील तर लगेच ल्युसिझम (मेलॅनिन पिसांपर्यंत न पोहोचण्याचा दोष, यात डोळे काळेच राहतात) म्हणू नका. कावळ्यांच्या पंखांवर पांढरे पट्टे निकस आहारामुळेही येतात, आणि चांगलं खाणं मिळालं तर पुढच्या पीसगळतीनंतर जातात. ल्युसिझम जन्मजात असतो, तो जात नाही. लालबुड्या बुलबुल पूर्ण पांढरा असूनही बुडाखाली लाल राहू शकतो, कारण तो रंग मेलॅनिनचा नसून खाण्यातून येणाऱ्या कॅरोटिनॉइड या लाल-पिवळ्या रंगद्रव्याचा.

फोटो काढताना कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) -०.७ ते -१ ठेवा; नाहीतर पांढरी पिसं जळून तपशील जातो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करा, पण घरट्याची जागा कृपया कुणालाही सांगू नका. असे पक्षी गर्दीमुळे हैराण होतात.