जिप्सी फार आपटते; मऊ शॉकअप कुठले टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१३ ची जिप्सी आहे, आधीच्या मालकानं लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) टाकून ती २ इंच उचललीय, आणि कोल्हापूरहून दाजीपूरला जाऊन आलं की वडिलांची कंबर दोन दिवस धरते. म्हणून सगळ्यात मऊ शॉकअप कुठल्या कंपनीचे, ते हवंय.

कंपनीवर नंतर येतो. हाच प्रश्न घेऊन मी बाजारात गेलो होतो आणि चार महागडे शॉकअप आणून गाडी होती त्याहून कडक करून बसलो होतो. परदेशी, मोनोट्यूब (एकाच नळीचे), गॅसचे. दुकानदार म्हणाला, "रॅलीवाले हेच घालतात." घालत असतील. रॅलीवाला ८० च्या वेगानं गाडी हवेत उडवतो. मी हंगामात कळ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं २० नं सरकत असतो.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी काही न बोलता चारही शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले, शॉकअप वर बांधून टाकले आणि म्हणाले, "आता शेडमागं एक चक्कर मारून या. पायी चालल्यासारखं हं, पळवायची न्हाई." मोकळी खडकाळ जागा होती. आलो. "काय, आपटतीया न्हवं अजून?" आपटत होती. थोडी कमी, पण आपटत होतीच. "मग शॉकअपला कशाला शिव्या घालताय?"

ही चाचणी तुम्हीही करा. फक्त रिकाम्या मैदानात, चालण्याच्या वेगानं, आणि ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना ते आधी बघून. रस्त्यावर अशी गाडी अजिबात काढू नका. शॉकअप नसताना गाडी मऊ झाली, तर दोष शॉकअपचा. तेवढीच कडक राहिली, तर पैसे दुसरीकडं घालायचेत.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) पेलतात. पाटे खालीवर होतात, त्या हालचालीला आवर घालणं एवढंच शॉकअपचं काम. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत. गाडी रिकामी साधारण एक टन, आणि वर अर्धा टन माल किंवा माणसं घेऊन पळेल अशी बांधलेली. तुम्ही दोघं बाप-लेक बसलात तर त्या पाट्यांना कळतसुद्धा नाही कुणी बसलंय म्हणून. त्यामुळं जगातला कुठलाही शॉकअप पाट्याला मऊ करू शकत नाही. चांगला शॉकअप स्वतःचा कडकपणा वर घालत नाही, एवढंच.

आता आधी फुकटातली गोष्ट, टायरची हवा. पंपावरचा पोरगा जीपसारखं काही दिसलं की ३५ भरतो. जिप्सी हलकी आहे, तिला एवढी लागत नाही. कंपनीनं दिलेला आकडा बघा, सकाळी टायर थंड असताना तेवढीच ठेवा. मोठे, जाड कडेचे टायर टाकले असतील तर तेही कडकपणात भर घालतात.

मग पाटे. माझा खरा रोग इथं होता. दाजीपूरचा जांभ्याचा लाल चिखल पाट्यांच्या मधे जाऊन बसतो, वाळतो, गंजतो. पाटे एकमेकांवर सरकले तरच वाकतात. गंजून चिकटले की सगळ्या पाट्यांची मिळून एक जाड पट्टी होते आणि लहान खड्ड्यात ती हलतच नाही. सगळा दणका थेट चॅसीला. पाटेवाल्याकडं खोलून घेतले, तारेच्या ब्रशनं घासले, ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं, यू-बोल्ट नवे टाकले (जुने एकदा ताणलेले असतात, ते परत वापरू नका). निम्मा फरक तिथंच पडला. एखादा पाटा काढून टाकायचा सल्लाही मिळेल. रिकाम्या गाडीला बरं वाटतं, पण सहा माणसं बसली की बूड टेकतं. मी काढला नाही.

पाट्यांच्या टोकांना बसणारे बुश बदललेत तर एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर, मग आवळायचे. नाहीतर रबर आधीच पिळलेलं राहतं आणि पाटा हलला की उलटं ढकलतं. घाईत हे कुणी करत नाही.

आता तुमच्या २ इंचांकडं. शॅकल जेवढं लांब करतात त्याच्या साधारण निम्मी गाडी वर येते, म्हणजे तुमची शॅकल चांगलीच लांब असणार. ती उभी सरळ किंवा उलटी कललेली असेल तर पाट्याला लांब व्हायला जागा राहत नाही, आणि गाडी कडक लागते. दुसरं, गाडी उचलली पण शॉकअप मूळ लांबीचेच ठेवले, असं बऱ्याच गाड्यांत दिसतं. मग गाडी नुसती उभी असतानाच शॉकअप ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो पुरता ताणला जातो आणि आतून 'टण्ण' करून थांबतो. खड्ड्यात जाताना दणका जास्त की बाहेर येताना, लक्ष देऊन बघा. जाताना असेल तर हेच.

उलट्या टोकालाही बघायचं असतं. रबरी बंप स्टॉपवर (चाक फार वर आलं की अडवणारा ठोकळा) थोडी कणीक चिकटवा आणि नेहमीच्या रस्त्यानं एक फेरी मारा. चेपली तर पाटा तिथवर जाऊन आदळतोय. आमच्या घरी कणकेचा हा उपयोग बघून आई दोन दिवस बोलली नव्हती, तरी माती चालते म्हणा.

मापं अशी घ्या. चॅसीखाली जॅक लावून चाक लोंबू द्या आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. मग शॉकअप काढून, चाक वर चढवून बंप स्टॉप टेकेपर्यंत नेऊन तेच अंतर मोजा. नवा शॉकअप पहिल्या मापापेक्षा किंचित लांब ताणला पाहिजे आणि दुसऱ्यापेक्षा आखूड मिटला पाहिजे. मिटताना लांब राहिला तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच टेकेल आणि त्याचा ब्रॅकेट तुटेल. परदेशात सुझुकी सामुराईच्या नावानं मिळणारे शॉकअप जिप्सीला बसतात असं सांगतात. ती जिप्सीची आखूड बहीण. चाकांमधलं अंतर तिचं २०३० मिलिमीटर, आपलं २३७५. बसतीलही, पण टेप लावल्याशिवाय घेऊ नका.

मऊपणाचं म्हणाल तर शॉकअप दोन दिशांनी विरोध करतो, दबताना आणि परत ताणताना. तुम्हाला दबताना हलका हवा. ताणतानाचा अगदी मऊ घेतलात तर गाडी होडीसारखी झुलते, फार कडक घेतलात तर दबलेला पाटा पुन्हा सुटायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी खाली खाली बसत जाते. शिवाय जास्त दाबाच्या मोनोट्यूबमधला गॅस दांडा सतत बाहेर ढकलत असतो. १४ मिलिमीटरच्या दांड्यावर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब धरला तर एकेका शॉकअपचा सुमारे ३० किलो जोर. दोन टनांच्या गाडीला ते काहीच नाही, जिप्सीला जाणवतं. मोनोट्यूब वाईट नाही, सलग खडबडीत रस्त्यावर तो थंड राहतो. पण ते तुमचं दुखणं नाही.

म्हणून तुमच्यासाठी ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला), कमी दाबाचा गॅस किंवा साधा तेलाचा. ओल्ड मॅन इमूचे नायट्रोचार्जर ट्विन-ट्यूब आहेत, बिल्स्टाइन मोनोट्यूबसाठी ओळखले जातात, रँचोच्या आरएस ९००० एक्सएलला कडकपणा कमी-जास्त करायची ९ टप्प्यांची चकती असते. बाहेरचे घेणार असाल तर दुकानदाराला 'हेवी ड्यूटी' नको, हलक्या वजनाच्या गाडीचं व्हॉल्व्हिंग (आतल्या झडपांची जुळणी) द्या, असं स्पष्ट सांगा. पुढं विंच नाही, वर कॅरिअर नाही, तर जड गाडीचा शॉकअप कशाला? आणि शॅकल मूळची परत घालायची तयारी असेल, तर कंपनीच्या मापाचे साधे नवे शॉकअप पुरतात. मी शेवटी तेच केलं. महागडे एका मित्राच्या लोखंडी बंपरवाल्या गाडीला गेले, तिथं झकास चालतात.

तोवर वडिलांना मागच्या बाकड्यावर बसवू नका, ते बाकडं अगदी चाकांवर येतं. पुढं बसवा. आणि मापं घेतलीत की इथंच लिहा, पुढची-मागची वेगळी, गाडीत नेहमी किती माणसं असतात तेही.