अपील ऐकणार कोण?

प्रश्न : मॅडम, निकेलच्या कच्च्या धातूवरच्या निर्यातबंदीबद्दल इंडोनेशिया 2022 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत युरोपीय संघाविरुद्ध हरला. तरी बंदी सुरूच राहिली. मग त्या निकालाला अर्थ काय?

उत्तर : तुम्ही वाचलात तो पॅनेलचा, म्हणजे खालच्या पायरीवरचा अहवाल. संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांचं जे वाद निवारण मंडळ असतं, त्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, आणि अपील झालं की स्वीकारणं लांबतं. इंडोनेशियाने डिसेंबर 2022 मध्ये अपील केलं. अगदी नियमाला धरून केलं बरं का! फक्त ते ऐकायला तिथे कुणीच नाही.

अपील मंडळात सात सदस्य हवेत; एका अपिलाला किमान तीन. नेमणूक सर्वसहमतीने होते, त्यामुळे एका देशाचा नकारही पुरतो. अमेरिकेने 2017 पासून नेमणुका अडवल्या. डिसेंबर 2019 मध्ये मंडळावर एकच सदस्य उरला, पुढच्या नोव्हेंबरअखेर त्यांचीही मुदत संपली. अमेरिकेची तक्रार अशी, की मंडळ अपील निकाली काढायची 90 दिवसांची मर्यादा पाळत नाही आणि करारात नसलेली बंधनं निकालातून लादतं. मर्यादेचं म्हणणं खोटं नव्हतं. पण उशीर होतो म्हणून न्यायाधीशच नेमायचे नाहीत, हे मला आजही पटत नाही.

कायद्याच्या वर्गात मी फळ्यावर तक्ता काढायचे : 60 दिवस सल्लामसलत, मग पॅनेल, अपील, अंमलबजावणी. हल्ली अपिलाच्या चौकटीपाशी खडू थांबतो. मुलं त्या चौकटीला विहीर म्हणतात.

या विहिरीत आपणही उतरलो आहोत. साखरेच्या अनुदानांवरचा डिसेंबर 2021 चा अहवाल विरोधात गेल्यावर भारतानेही अपील केलं.

युरोपीय संघ, चीन, ब्राझील, कॅनडा वगैरेंनी 2020 मध्ये आपसांतल्या अपिलांसाठी लवादाची सोय केली. इंडोनेशिया तीत नाही. शिवाय अपील असं लटकलं तरी प्रतिकारवाई, म्हणजे समोरच्या देशाच्या मालावर कर वाढवण्यासारखी पावलं, करता यावी म्हणून युरोपीय संघाने 2021 मध्ये स्वतःचा कायदाच बदलला. त्यांची बाजारपेठ मोठी, त्यांना ते झेपेल. छोट्या देशाचं काय? ऑनलाइन जुगाराच्या वादात अँटिग्वा आणि बार्बुडाने 2005 मध्ये अमेरिकेला हरवलं, तेही अपील मंडळ धडधाकट असताना. लवादाने 2007 मध्ये त्यांना वर्षाला 2.1 कोटी डॉलरपर्यंतच्या प्रतिकारवाईचा हक्क ठरवून दिला. पण एवढ्याशा बेटांनी अमेरिकी मालावर कर वाढवला, तर महागाई सोसायची त्यांच्याच लोकांनी.