'रेज' आणि पिसाळलेला कुत्रा

प्रश्न : मुलगा मोबाईलवर गेम हरला की फोन आपटतो आणि वर मलाच सांगतो 'मी रेज क्विट केलं'. पेपरात पण सारखं 'रोड रेज' येतं. अँगर असताना हा रेज वेगळा कशाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : वेगळा आहे, आणि नुसता 'जास्त राग' एवढाच फरक नाहीये. अँगर आला जुन्या नॉर्स भाषेतून, तिथे 'आंग्र' म्हणजे दुःख, मनस्ताप. रेजचं मूळ मात्र लॅटिन 'राबिएस', म्हणजे आपला रेबीज! त्याचं बोलीत 'राबिया' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये घासून घासून 'राज' उरलं आणि १३०० च्या आसपास ते इंग्रजीत आलं. फ्रेंचमध्ये अजूनही कुत्र्याच्या त्या रोगाला हाच शब्द आहे, १८८५ मध्ये लुई पाश्चरने पॅरिसला ९ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला जी लस टोचली ती या 'राज'वरची. पोर्तुगीजमध्ये 'रायव्हा' म्हणजे रोगही आणि रागही.

आता गंमत बघा, आपल्याकडे वेगळं काय आहे? कुत्रं पिसाळतं आणि 'साहेब आज पिसाळलेत' हे पण आपण म्हणतोच की. लॅटिनचा मराठीशी इथे काही संबंध नाही, पण दोन्हीकडच्या लोकांना तेच दिसलं, डोळे तांबारलेले, तोंडाला फेस, समोर कोण आहे याचं भान नाही. म्हणून रेजला 'संताप' म्हटलं तरी चालतं पण मला तरी 'पिसाळणं' जास्त जवळचं वाटतं, कारण संतापलेला माणूस निदान ऐकून तरी घेतो.

जाता जाता एक, 'आउटरेज' बघून आउट अधिक रेज असं वाटतं ना, मलाही वाटायचं. तसं नाहीये. लॅटिन 'उल्ट्रा' म्हणजे पलीकडे, त्याचं फ्रेंच 'उत्र', त्याला 'एज' हा प्रत्यय लागला, पॅसेजमध्ये असतो तोच. म्हणजे मूळ अर्थ मर्यादा ओलांडणं, अतिरेक. राग त्यात नंतर शिरला, बहुधा शेवटचा 'रेज' कानाला ओळखीचा वाटल्यामुळे पण.

आणि तुमच्या चिरंजीवांचं रेज क्विट म्हणाल तर आमच्या वेळी त्याला डाव मोडून उठणं म्हणायचे, फक्त तेव्हा आपटायला हातात फोन नसायचा, विटी असायची.