टूथपेस्ट दातांसाठीच राहू द्या

प्रश्न : सुटीच्या दिवशी टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन सगळे दागिने एका बैठकीत साफ केले. चांदीची साखळी उजळली, पण तिच्यावर बारीक रेघा उमटल्या. मोत्यांचा सर निस्तेज झाला, मुलाम्याच्या बांगडीवर तांबूस डाग आले. अंगठीतला हिरा मात्र होता तसाच मंद. माझं कुठे चुकलं?

उत्तर : चार वेगळ्या रोगांना तुम्ही एकच औषध दिलंत! दाताचं वरचं कवच चांदी-सोन्यापेक्षा बरंच कठीण असतं. त्यामुळे पेस्टमधली जी भुकटी दातांना सोसते, तीच चांदीला ओरखडते.

दागिना हातात घेतला की मी आधी एवढंच बघते, की हा मळ आहे, काळवंड आहे की झीज. मळ धुता येतो. काळवंड उतरवता येते. झिजलेलं मात्र घासून परत येत नाही.

तुमच्या हिऱ्यावर आहे तो निव्वळ मळ. हिऱ्याला तेलकटपणाची भारी ओढ. खाणीत भरडलेला दगड पाण्याबरोबर ग्रीस फासलेल्या फळीवरून सोडत. बाकी सगळं वाहून जाई आणि हिरे चिकटून राहत. तुमच्या अंगठीवर हातांचं क्रीम असंच बसलंय, तेही बहुधा हिऱ्याच्या मागच्या बाजूला, जिथे ब्रश पोचलाच नाही. वाटीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात अंगठी वीसेक मिनिटं ठेवा. मग मऊ ब्रश मागून फिरवा. हे बेसिनवर करू नका, ताटात करा. आणि त्याआधी अंगठी कानाशी धरून हलवून पाहा. खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे. ती धुवायची नाही, सराफाकडे न्यायची. पाचूच्या अंगठीला मात्र हा उपाय नको. बहुतेक पाचूंच्या बारीक भेगांत तेल भरलेलं असतं, ते गरम पाण्याने आणि साबणाने निघून जातं. मागून बंद कोंदण असेल तर पाणी टाळाच, कारण ते आत शिरलं की खडा कायमचा अंधारतो.

चांदीची काळवंड म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. ती घासून काढता तेव्हा थोडी चांदीही जाते. त्यापेक्षा भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, साखळी फॉइलला टेकेल अशी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओता. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते. नासक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, काम चालू आहे. हाच प्रयोग मी एकदा मोठ्या उत्साहाने बहिणीच्या ऑक्सिडाइज्ड कानातल्यांवर केला. त्यांचा काळेपणा मुद्दाम दिलेला होता, हे लक्षात आलं तेव्हा नक्षी गायब आणि हातात दोन पांढऱ्या टिकल्या! बहीण अजून ऐकवते. तेव्हा आधी खात्री करा. खडे किंवा मोती जडवलेली चांदी तर या पाण्यात घालूच नका.

मोत्यांबद्दल वाईट वाटतं. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चांदीसारखाच मऊ. वरचा थर खरवडला गेला की ती झळाळी परत आणता येत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर तर तो थर विरघळवतंच, ते चुकूनही लावू नका. यापुढे सर उतरवला की ओलसर मऊ फडक्याने पुसायचा आणि आडवा ठेवून वाळवायचा. टांगला तर भिजलेला दोरा ताणतो. अत्तर, हेअरस्प्रे आधी, सर सगळ्यात शेवटी.

बांगडीवरचा तांबूसपणा हा डाग नाही, खालचा धातू आहे. आता मुलामा पुन्हा चढवून घेणं एवढंच उरतं.

प्रश्न : सगळे दागिने एका डब्यात, रबरबँडने गठ्ठे बांधून ठेवते. चालेल ना?

उत्तर : नाही. हिरा शेजारच्या प्रत्येक दागिन्याला ओरखडे काढतो, म्हणून प्रत्येकाला वेगळी मऊ पिशवी हवी. आणि रबरबँड आजच काढा. रबरात गंधक असतं. जिथे ते चांदीला टेकलंय तिथे काळा पट्टा आलेला दिसेल.