कराडात कुंडीतल्या वांग्यावर एक पांढरा पतंग दिसला. वांगं पोखरणाऱ्या अळीचा पतंग कसा दिसतो आणि कुठे कुठे आढळतो?

लहान, पांढरा, पंख पसरले तर जेमतेम दोन सेंटिमीटर. पुढच्या पंखांवर तपकिरी-काळे आणि फिकट गुलाबी डाग असतात. तुम्ही कराडात कुंडीतल्या वांग्यावर बघितलेला पांढरा पतंग पंख पसरून आणि पोटाचं टोक वर उचलून बसला असेल, तर बहुतेक तोच. दिवसा पानाआड दडतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वांगी करणाऱ्यांनाही अळी माहीत असते, पतंग नाही.

आमच्या घरातलं भांडण त्यावरूनच. वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी आमची वांगी असतात. जुना प्लॉट काढला की भाऊजी झाडं उपटून बांधावर रचायचे, जळण म्हणून. शेजारीच नवी लागण. थोड्याच दिवसांत नव्या झाडांचे शेंडे माना टाकायचे. मग दुकानदार देईल ते औषध, परत परत. मी म्हणायचे, किडा या ढिगातून येतोय. "वाळल्या काटकीत कसली अळी जगतीय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी ढिगातल्या काही फांद्या पाचोळ्यासकट जुन्या मच्छरदाणीत घट्ट बांधून पडवीत टांगल्या. पुढच्याच आठवड्यात जाळीला आतून हेच पतंग चिकटलेले. सोडून बघितलं तर वाळक्या पानाच्या घडीत चिवट, तपकिरी कोष, एका टोकाला फुटलेला. भाऊजी म्हणाले, दिव्यावरची पाकोळी शिरली असेल. गाठ मारलेल्या जाळीत पाकोळी शिरत नाही, हे मी आजही म्हणते.

मादी रात्री एकेक अंडं घालते. अळी निघाली की शेंड्यात नाहीतर फळात घुसते आणि भोक विष्ठेनं बुजवते. फवारा आत पोचत नाही. वांग्यावर दिसणारं मोठं भोक ती बाहेर पडल्याचं. ते बघून मारलेलं औषध अळीला लागत नाही, खाणाऱ्याच्या पोटात जातं.

आढळ म्हणाल तर भारतभर, शिवाय पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, आग्नेय आशिया. आफ्रिकेतलेही हेच समजायचे. २०१५ च्या अभ्यासात ते वेगळ्या जातींचे ठरले. बटाट्यावरही भागवतो, पण जीव वांग्यावर. याच अळीला मारण्यासाठी जनुक बदलून केलेलं बीटी वांगं केंद्रानं फेब्रुवारी २०१० मध्ये थांबवलं, बांगलादेशात लावतात.

मान टाकलेला शेंडा अळीसकट खुडा आणि जाळा. किडकी वांगी बांधावर फेकू नका. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नराला ओढणारे) लावा, पण त्यात नरच येतात, नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. फवारूच नका असं माझं म्हणणं नाही. शिफारशीतलंच औषध घ्या आणि फवारणी आणि तोडणी यांच्यात ठेवायला सांगितलेले दिवस पाळा. शेजाऱ्यानं ढीग ठेवला तर पतंग उडून येणारच, तेव्हा त्यालाही सांगा. जळणाला तुरकाट्या आहेत. वांग्याच्या काटक्या हव्याच असतील तर उपटल्या आठवड्यातच चुलीत घाला, बांधावर रचू नका.