रोज लिहायचंय ना? मग आधी वेळ ठरवा
विषयाचं नंतर बघू. रोज 20 मिनिटं, तीच जागा, फोन दुसऱ्या खोलीत.

सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिहिता लिहिता खोडत बसणं. पहिलंच वाक्य घासूनपुसून मीही कित्येक महिने तिथेच अडकलो होतो. पहिला खर्डा कच्चाच असतो, असू द्या. आठवड्याने तो मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळेल, तिथलं वाक्य दुरुस्त करा.

- उठताना वाक्य अर्धवट सोडा. उद्या पेन तिथूनच चालू लागतं.
- ‘ती दुःखी होती’ असं सांगू नका. तिने न फोडताच उशीखाली सारलेलं पत्र दाखवा.
- एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायला जाऊ नका.

प्रकाशक, पुस्तक हे सगळं आत्ता नको. पहिली वही भरली की मला नक्की कळवा.