पायांवरच्या जाळीदार शिरा लेझरने कायमच्या जातात का?

तुमचा प्रश्न असा आहे की मांडीवर आणि पोटरीवर लाल-जांभळ्या शिरांची जाळी दिसायला लागली आहे, लेझर केलं तर ती कायमची जाईल का आणि फार दुखतं का. दुखतं, पण सोसवतं. ‘कायमची’बद्दल मात्र जरा लांबण लावावी लागेल, कारण त्याच शब्दाला भुलून मी पहिल्यांदा पैसे घालवले होते. मी डॉक्टर नाही, दोनदा हे सगळं करून घेतलेली पेशंट आहे.

माझी जाळी उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, तळहाताएवढी होती. पहिल्या क्लिनिकमध्ये मला टेबलावर झोपवून पाय पाहिला आणि पाच मिनिटांत ‘लेझरने जाईल’ म्हणून सांगितलं. तीन सिटिंग झाली. रेषा पुसट झाल्या, मी खूश. सहा महिन्यांत त्याच जागी तीच नक्षी परत, वर तपकिरी ठिपक्यांची एक ओळ बक्षीस. ते ठिपके जायला वर्ष गेलं.

दुसऱ्यांदा मी शिरांच्या सर्जनकडे गेले. त्यांनी आधी मला उभं केलं. डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी तपासणी, उभ्यानेच करतात, कारण शिरांमधल्या झडपांची खरी परीक्षा तेव्हाच होते. पोटरी हाताने दाबून सोडतात. दाबली की रक्त वर जातं, सोडल्यावर झडपांनी ते अडवायचं असतं. मोठ्या वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप कामातून गेली असं धरतात. माझ्या मोठ्या शिरा ठीक निघाल्या. मग त्यांनी खोलीतला दिवा घालवला आणि कातडीला एक छोटा दिवा टेकवला. जाळीच्या खाली दोनेक मिलिमीटरची काळपट रेघ स्पष्ट दिसली. एरवी ती मला फिकट हिरवी दिसायची आणि तिच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. सगळ्या जाळीला रक्त तिथून येत होतं. पहिल्या खेपेला आम्ही हरळी नुसती वरून खुडली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की उभं करून तपासल्याशिवाय पायाला लेझर लावणाऱ्याकडे थांबूच नका. आधी ती पुरवठा करणारी शीर बंद व्हायला हवी आणि तिच्यासाठी बहुतेक वेळा लेझर नाही, इंजेक्शन वापरतात. पोलिडोकॅनॉलसारखं औषध अगदी बारीक सुईने शिरेत सोडतात, त्याने आतलं अस्तर खराब होऊन शीर चिकटते. (हे औषध मुळात भूल देण्यासाठी तयार केलं होतं. त्यामुळे असेल, पण मला सुईपेक्षा जास्त काही जाणवलं नाही.) चेहऱ्यावरच्या अशा शिरांना लेझर छान चालतं, पण पायांसाठी डॉक्टर आजही सहसा आधी इंजेक्शनच सुचवतात. लेझर कामाला येतं ते सुई शिरणारच नाही अशा केसासारख्या लाल रेषांना, औषधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना, सुई पाहून घाम फुटणाऱ्यांना आणि कधीकधी इंजेक्शननंतर आजूबाजूला जी नवी बारीक लाली उमटते तिला.

पायावर लेझर अवघड का? उभं राहिल्यावर रक्ताचा सगळा भार खाली येतो. पायाच्या शिरा खोल असतात, भिंतीही जाड. लेझरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, ते तापतं आणि शीर आतून भाजून मिटते. मग शरीर ती हळूहळू जिरवतं, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. पण तोच प्रकाश कातडीला रंग देणारं मेलॅनिनही शोषतं. रंग सावळा असेल किंवा ऊन लागून कातडी रापलेली असेल तर डाग आणि फोड तिथूनच येतात. 532 नॅनोमीटर तरंगलांबीचं लेझर गोऱ्या कातडीवरच्या बारीक लाल रेषांना ठीक, सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग नावाचं लेझर त्यामानाने सुरक्षित. कुठलं मशीन आहे ते विचारा आणि आधी एका छोट्या जागेवर करून पाहायला सांगा. मी पहिल्या वेळी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

प्रत्यक्षात काय होतं? डोळ्यांवर गडद चष्मा, पायाला गार काचेचं टोक, आणि मग चट्... चट्... रबरबँड ताणून सोडल्यासारखं, त्यात तापल्या सुईचा चटका. घोट्याजवळ आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जास्त लागतं. एखादी रेषा डोळ्यांदेखत नाहीशी होते आणि दोन मिनिटांत तिथे मांजराने ओरखडल्यासारखा लाल, फुगीर वळ उठतो. त्याने घाबरू नका, माझे वळ दुसऱ्या दिवशी बसले. चालत घरी येता येतं. काही आठवडे ऊन टाळायचं, सुरुवातीचे दिवस कढत पाण्याची अंघोळ नको. दोन सिटिंगमध्ये दीड-दोन महिने तरी जाऊ द्यावे लागतात. दर वेळी एकाच उजेडात फोटो काढून ठेवा, नाहीतर आधी कसं होतं तेच आठवत नाही आणि उगाच फसल्यासारखं वाटतं.

‘शिरांचं लेझर’ म्हणून आणखी एक गोष्ट सांगतील. त्यात मोठ्या, फुगलेल्या व्हेरिकोज शिरेच्या आत तार घालून ती बंद करतात. ते वेगळं प्रकरण, जाळीसाठी नाही. गरोदर असाल तर आत्ता काहीच करू नका, बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ शिरा आपणहून फिकटतात. मात्र संध्याकाळी पाय सुजत असतील, घोट्याजवळची कातडी काळवंडली असेल किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखी जाळी पसरली असेल, तर दिसण्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉप्लर करा.

आता ‘कायमची’. नीट बंद झालेली शीर सहसा परत येत नाही, पण नवीन शिरा उमटायची पायांची खोड जात नाही. माझी मांडी चार वर्षं स्वच्छ आहे. मागच्या महिन्यात डाव्या पोटरीवर दोन नव्या रेषा दिसल्या. त्यांचा फोटो तेवढा काढून ठेवलाय, अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही.